मार खाण्याचे पावणेचार लाख

६ जुलै २०२०, सोमवार. सकाळी ६.१०
डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मनातलं कागदावर काढत जा. म्हणून ही वही. फक्त माझ्यासाठी.
संकल्प: डोनट बंद. पोरांवर ओरडणं बंद. ५ सप्टेंबरला थोरल्यांना हरवायचं.
थोरले म्हणजे शेजारच्या राज्यातलं ते अवाढव्य विद्यापीठ. नव्वद हजारांचं स्टेडियम. आमच्या कॉलेजच्या मैदानात चार हजार माणसं मावतात, त्यात निम्म्या बँडवाल्या पोरांच्या आया. दरवर्षी एकदा थोरल्यांकडे जायचं, साठ-सात असा मार खायचा आणि पावणेचार लाख डॉलरचा चेक घेऊन यायचं. त्यावर आमच्या फुटबॉलच्या बस, हेल्मेटं आणि दोन असिस्टंट कोचचे पगार निघतात. लोक याला मार खाण्याची मजुरी म्हणतात. मी अनुभव म्हणतो. यंदा मात्र माझ्याकडे एक नवी चाल आहे.
साथ ऑगस्टपर्यंत संपेल. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

१४ जुलै
वेंडेल क्रॅबट्री आला होता. बचावफळीचा कोच, एकोणीस वर्षं माझ्याबरोबर. अंगणातच उभा राहिला, सहा फूट लांब. त्याच्या बायकोला, व्हर्नाला, नसांचा आजार आहे. महिन्याला एक इंजेक्शन. किंमत ऐकून धडधाकट माणूस आडवा होईल. ते कॉलेजच्या विम्यावर चालतं.
म्हणाला, “रॉइस, खरं सांग. मॅच झाली नाही तर?”
मी हसलो. म्हटलं, अरे वेड्या, मी आहे तोवर तुझ्या नोकरीला कोण हात लावतो!
त्याचा चेहरा सैलावला. मला माणसं सांभाळता येतात, हे मान्य करायलाच हवं.
डोनट: एक. त्यानेच आणलं होतं. पाहुण्याचं मन मोडू नये.

३० जुलै
थोरल्यांनी जाहीर केलं, यंदा फक्त त्यांच्या गटातल्या मोठ्या विद्यापीठांशीच खेळणार. आमची मॅच रद्द.
त्यांच्या ऑफिसला फोन. एक गोड आवाजाचा माणूस म्हणाला, “सर, करारात कलम आहे, अस्मानी संकट आलं तर दोघंही मोकळे.” मी म्हटलं, अस्मानी कसली, ही सुलतानी आहे. तो म्हणाला, “सर, तुमचा दिवस चांगला जावो.”
पैसे देतील. एवढ्या मोठ्या लोकांना जनाची नाही तरी मनाची असतेच. (ओरडलो. पण पोरांवर नाही, भिंतीवर. संकल्प शाबूत.)

१४ ऑगस्ट
आमच्या लीगनेही हंगाम पुढच्या वसंतात ढकलला. उत्तम! तयारीला सहा महिने जादा.
नवी योजना: लोकांचे पुठ्ठ्याचे फोटो कापून खुर्च्यांत बसवायचे. फोटोला चाळीस डॉलर. चार हजार खुर्च्या. म्हणजे एक लाख साठ हजार! ग्लेंडा म्हणाली, “आपल्या गावात माणसं किती?” बायकोला धंद्यातलं कळत नाही.

५ सप्टेंबर, शनिवार
काही काम नव्हतं. अकराला गाडी घेऊन सहज बस सुटते तिथे गेलो. वेंडेलची गाडी आधीच उभी. तोही सहजच आला होता.
काचा खाली करून आपापल्या गाडीत बसलो. सँडविच खाल्ली. मग मॅच खेळलो. तोंडी. मी हल्ला सांगायचा, त्याने थोरल्यांचं उत्तर सांगायचं. नवी चाल लागू पडली. हाफटाइमला आपण तीन गुणांनी पुढे! वेंडेलने हॉर्न वाजवला. पलीकडे गवत कापणारा माणूस थांबून बघत राहिला.
मग वेंडेलने घड्याळ बघितलं. म्हणाला, “आता मार खायची वेळ झाली. चल, घरी जाऊ.”
खूप दिवसांनी बरं वाटलं. का ते कळलं नाही.

२२ सप्टेंबर
फोटो विकले गेले: एकतीस. त्यातले अकरा ग्लेंडाने घेतले. एक आमच्या गेलेल्या कुत्र्याचा.

१९ ऑक्टोबर, सोमवार
अध्यक्षबाई डॉ. ऑस्ट्रँडर यांनी दहाला बोलावलं. क्रीडा संचालकांची जागा रिकामी आहे. टाय लावून गेलो.
संचालक वगैरे काही नाही. बाई म्हणाल्या, “कोच, वसतिगृहं ओस पडलीत, फिया परत कराव्या लागल्या, तुमचा चेकही आला नाही. विश्वस्तांना फुटबॉल बंदच करायचाय. मी एवढंच मिळवलं: दोन असिस्टंट कमी करा, वसंतात खेळा, पुढचं पुढे.”
कागद पुढे सरकवला. नावांच्या दोन जागा मोकळ्या.
विचारलं, दुसरा काही मार्ग? म्हणाल्या, “तुम्ही अर्ध्या पगारावर येत असाल तर एक माणूस वाचेल.”
मी म्हटलं, विचार करून सांगतो. बाईंनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

२२ ऑक्टोबर
सगळ्या बाजूंनी विचार केला. छप्पर गळतंय. ग्लेंडाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. शिवाय कोचच अर्ध्या पगारावर आला की पोरांचा विश्वास उडतो. हे सगळं पोरांसाठीच आहे. तात्पुरतंच आहे, सहा महिन्यांत वेंडेलला परत घेणार.
सही केली.
वेंडेलला स्वतः जाऊन सांगणार होतो. काय बोलायचं ते लिहूनही काढलं होतं. ऑफिसचं पत्र आधी पोचलं. टपाल हल्ली भलतंच वेगात चालतं.

२६ ऑक्टोबर
वेंडेलचा फोन. दोनदा हाताशी काही काम होतं. तिसऱ्यांदा उचलला.
म्हणाला, “सामानाच्या खोलीचं दार अडकतं, वर उचलून ओढ. आणि लामॉन्टचा गुडघा अजून कच्चा आहे. तो सांगणार नाही. तूच विचार.” लामॉन्ट म्हणजे त्याच्या बचावफळीतलं सगळ्यांत दांडगं पोर.
मी म्हटलं, बाईंचा निर्णय होता रे. तो म्हणाला, “हं. कळलं मला.”
पत्राच्या खाली सही माझीच असते. हे फोन ठेवल्यावर आठवलं.

२७ फेब्रुवारी २०२१, शनिवार
अखेर पहिली मॅच! चारशे प्रेक्षकांना परवानगी. आले दोनशे, अधिक एकतीस पुठ्ठ्याचे. वाऱ्याने पुठ्ठे आडवे झाले.
हरलो, एक्केचाळीस-तीन. बचाव कोण सांभाळतंय तेच पोरांना कळेना. सारखी बाजूला बघत होती, वेंडेल जिथे उभा राहायचा तिथे. मीही दोनदा बघितलं.
लामॉन्टला गुडघ्याचं विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या सत्रात त्याला उचलून आणलं.

२० मार्च
सतरा जण पॉझिटिव्ह. उरलेल्या मॅच रद्द. विश्रांती मिळाली की संघ ताजातवाना होतो.

१६ एप्रिल, शुक्रवार
बाईंचा व्हिडिओ कॉल. सात मिनिटं. विश्वस्तांचं मतदान झालं. फुटबॉल बंद, कायमचा. मी म्हटलं, पण मी दोन माणसं दिली ना तुम्हाला! बाई म्हणाल्या, “हो. दिलीत.”
संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरांना सांगितलं. अठ्ठ्याऐंशी जण. लामॉन्ट कुबड्यांवर. तीनशे पौंडांचं पोर, हमसून हमसून रडलं. “कोच, गुडघ्यासकट मला कोण घेणार?” मी म्हटलं, प्रत्येकासाठी फोन करीन.
केलेही. अकरा. दोघांनी उचलले.

९ मे, रविवार
वेंडेलकडे गेलो. या वेळी कागद नाही, काही पाठ नाही. सरळ सांगायचं: मी अर्धा पगार सोडला असता तर तू राहिला असतास. नाही सोडला.
दार व्हर्नाने उघडलं. हातात काठी. आधी नव्हती. वेंडेल घरी नव्हता. गोदामात माल चढवतो, रविवारचा जादा दर मिळतो. इंजेक्शन आता एक महिना सोडून घेते म्हणाली. “चालतंय,” म्हणाली.
ओसरीवर बसवलं. एका हाताने कॉफी आणली, निम्मी बशीत. मला उठून घ्यायला सुचलं नाही.
मी सुरुवात केली, व्हर्ना, मला जरा बोलायचंय. तिने माझ्या हातावर हात ठेवला.
“काही बोलू नकोस. वेंडेलने सगळं सांगितलंय मला. तू स्वतःचा अर्धा पगार द्यायला निघाला होतास, बाईंशी भांडलास, तरी त्यांनी ऐकलं नाही. तो म्हणतो, रॉइसने आपल्यासाठी जेवढं केलं तेवढं सख्खा भाऊ करणार नाही.”
तिचे डोळे भरले होते. अर्ध्या पगाराचं मी वेंडेलला कधी बोललोच नव्हतो.
मी म्हटलं, हो. बरंच भांडलो.
कॉफी संपवली. घरी आलो.