चांदणी उतरवायची कधी

चंदीगड,
रविवार, ३० डिसेंबर १९९०

प्रिय विलासदादा,

सप्रेम सलाम. शुभदावहिनींना सलाम, मुलांना पापे.

तुमचं नाताळचं कार्ड मिळालं. नेहमीप्रमाणे त्यावर नुसत्या तुम्हा चौघांच्या सह्या होत्या, आणि नेहमीप्रमाणे आईनं ते उलटं करून मागे काही लिहिलंय का पाहिलं. तुला वाटतं ती बघतही नाही, म्हणून सांगितलं.

इथे थंडी मी म्हणते आहे. धुकं दुपारपर्यंत हटत नाही. आई दोन स्वेटर घालून बाल्कनीत उन्हाची वाट बघत बसते आणि चंदीगडला नावं ठेवते. करंज्या झाल्या. खवा इथे छान मिळतो, पण शेजारपाजारचे त्यांना गुजिया म्हणतात आणि आई दर वर्षी प्रत्येकाला दुरुस्त करते. यंदा घरोघर गाणी म्हणत फिरणं रद्द झालं. अतिरेक्यांच्या भीतीनं अंधार पडल्यावर कोणी बाहेर पडत नाही. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासनासुद्धा पाळकांनी दुपारी उरकली. दाराशी बंदूकवाला जवान उभा होता. त्यालाही आईनं करंजी दिली आणि हिला गुजिया म्हणायचं नाही, असं बजावलं.

एवढं लिहिलं आणि चांदणीबद्दल अक्षर नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लिहिते. पण सरळ ओळीत सांगता येईलसं वाटत नाही, कारण माझ्याच डोक्यात तळ्यात की मळ्यात चाललं आहे.

आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको. बाबा सैन्यातून सुट्टीवर यायचे असले की दारात नाताळची, आत दिवा असलेली कागदी चांदणी लागायची, आणि घरातलं शेवटचं माणूस पोचलं की बाबा स्वतः ती उतरवायचे. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट होता, म्हणून आईनं ती खाटेखाली सरकवून ठेवली होती. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं त्या दिवशी आपण खिडक्यांचे काळे कागद टराटरा फाडले, तू शिडीवर चढलास आणि आई खालून सांगत होती, "अजून वर, अजून वर." बाबा बेपत्ता असल्याची तार त्यानंतर आली, असं मला आठवतं. तू म्हणतोस, तार आधीच आली होती आणि आईनं ती वाचूनही तुला शिडीवर चढवलं. यावरून आपण किती भांडलो. कोणाचं बरोबर, मला अजून कळत नाही.

चांदणी मात्र तेव्हापासून उतरली नाही. कागद फाटला की नवा लागायचा, कामट्या त्याच. तू नगरच्या दफनभूमीत बाबांच्या नावाचा दगड बसवलास त्याला सहा वर्षं झाली. "घरी यायचं बाकी असलेल्या माणसाचा दगड बसवलास," असं तुला म्हणून आई चांदणी ट्रंकेत घालून माझ्याकडे निघून आली. तेव्हापासून चांदणी बारा महिने माझ्या क्वार्टरच्या बाल्कनीत असते. पोस्टमन मला सितारेवाली सिस्टर म्हणतो.

आता यंदाचं. समोरच्या ब्लॉकमधले बलबीरसिंग आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात. दिवाळीनंतर एका सकाळी पोलिस त्यांना चौकशीला घेऊन गेले. का, कुठे, कोणी सांगेना. त्यांची बायको गुरमीत रोज कुठल्या ना कुठल्या ठाण्याच्या दारात उभी राहायची. कॉलनीनं तिच्याशी बोलणं आखडतं घेतलं. माझं तर काहीच ठरेना. माणूस सरळ वाटायचा, पण आजकाल इथे कोणाबद्दल काय खात्री द्यावी? घरातून निघताना वाटायचं तो निर्दोष आहे, आणि वॉर्डात गोळी लागलेला माणूस आणला की वाटायचं, आपल्याला काय ठाऊक.

आईला असले प्रश्न पडत नाहीत. नाताळच्या आदल्या दिवशी ती करंज्यांचं ताट घेऊन गुरमीतकडे गेली. मी मागोमाग गेले. तिच्या काखेत चांदणी होती, ते मला तिथे पोचल्यावर दिसलं. तिचं हिंदी तुला माहीत आहे. "ये तुम लगाव," ती म्हणाली. "तुम्हारा आदमी आने का है. मेरा अब नहीं आयेगा."

दादा, जे वाक्य ऐकायला तू इतकी वर्षं तडफडलास, ते तिनं परक्या बाईला, परक्या भाषेत सांगून टाकलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिचा राग आला. घरी येऊन मी भांडी आदळली. "त्या बाईला जास्त गरज आहे," एवढंच ती म्हणाली. नाताळच्या दिवशी बाल्कनीत नुसता बल्ब लोंबत होता. आई पोटभर जेवली आणि दुपारी छान घोरली. मी मात्र सारखी बाल्कनीत जाऊन येत होते.

शुक्रवारी बलबीरसिंग परत आले. चालत आले. एक हात गळ्यात अडकवलेला, अंगात नुसती हाडं. आणि काल सकाळी आई अंघोळीला गेलेली असताना गुरमीत चांदणी घेऊन दारात हजर. "सिस्टर जी, साडे आ गए," म्हणाली. "हुण तुसी लाओ. बीजी दे वी आ जाणगे, पक्का." म्हणजे आमचे आले, आता तुम्ही लावा, आईंचेही नक्की येतील.

मी चांदणी घेतली आणि खाटेखाली सरकवली.

आईला सांगायचं तरी काय? सांगितलं, तर तिला वाटेल चांदणीनं माणूस आणला, आणि पुन्हा वाट बघणं सुरू. नाही सांगितलं, तर तिनं चांगलं केलं त्याचं फळ तिच्यापासून लपवल्यासारखं. आणि आणखी एक, जे तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही. चांदणी हातात आली तेव्हा माझ्याच मनात आलं, का नाही येणार बाबा? मी नर्स आहे, मला एवढी अक्कल असायला हवी. इतकी वर्षं मी आईला सांभाळून घेत होते की तिच्या आडून मीच वाट बघत होते, देव जाणे.

आज चर्चहून आल्यावर आई बाल्कनीत बसली. समोर लांबलचक निळी पगडी वाळत होती. तिनं बराच वेळ ती बघितली. "आला वाटतं तो. बरं झालं," म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघताच, "चांदणी खाटेखालून काढ. तिथे कागदाला कसर लागते."

"पुन्हा लावायची का?" मी विचारलं.

"आपलं कोण यायचं राहिलंय?"

मी भलतंच विचारलं, की तेव्हा तार आधी आली होती की चांदणी आधी लागली होती. "आता ते कळून काय करणार आहेस?" म्हणाली, आणि तुला पत्र लिहायला बसवलं. तिला नगरला यायचं आहे. दगड बघायचा आहे. त्यावर खाली तिच्या नावापुरती जागा सोडली आहेस का, विचारते आहे.

बारा तारखेची झेलम एक्सप्रेसची तिकिटं मिळाली आहेत, अंबाल्याहून. अंबाल्यापर्यंत बसनं जावं लागेल, आणि बसचं इथे सध्या काही खरं नाही. सगळे म्हणतात, जाऊ नका. मलाही भीती वाटते. आई ऐकत नाही. जुनी चांदणी मी ट्रंकेतून आणते आहे. तिचं काय करायचं ते मला एकटीला ठरवता येत नाही, आपण दोघं ठरवू. तू नवी कर. आईचा निरोप जसाच्या तसा लिहिते: "त्याला म्हणावं, दारात चांदणी लाव. आम्ही दोघी पोचलो की उतरव."

उतरव म्हणाली, दादा. मी पुन्हा विचारून घेतलं.

शिडी काढून ठेव, आणि चांगली उंच लाव.

वाटेवर असलेली,
तुझी सुनेत्रा