पुऱ्या गार होतायत

रवि., ४ मे

काल साठीशांत पार पडली. होम, साठ दिव्यांची ओवाळणी, मग मनोगतं. कार्यक्रम मीच आखला होता, त्यातलं 'मुलींची मनोगते' हे कलमही माझंच. दोघींना आठवडाभर आधी बजावलं होतं: दोन मिनिटं, आणि कागद बघून वाचायचं नाही.

थोरली वृंदा पुण्याहून तयारीनिशीच आली होती. छान बोलली. बाबा म्हणजे आमच्या घराचा कणा वगैरे. जावयांनी डोळे पुसले. मीही.

मग धाकटी, मुक्ता. माइक हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला असं बोलता नाही येत. जेवून घ्या सगळे, पुऱ्या गार होतायत."

हॉल हसला. मी नाही हसलो.

घरी आल्यावर विचारलं, "एवढंच होतं बोलायला?" "हो," म्हणाली, आणि उरलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवायला गेली.

अठ्ठावीस वर्षांची घोडी. बापाबद्दल एक वाक्य नाही.

मंगळ., ६ मे

एटीकेटीवाल्यांची बॅच सुरू. कॉलेजातून निवृत्त झालो, पण शिकवण्याची खोड जात नाही. चौघं आहेत, इंग्रजी नाटकाच्या पेपरात गटांगळ्या खाल्लेली. नाटक तेच, तीन मुलींच्या म्हाताऱ्या राजाची शोकांतिका. डोळे मिटून शिकवू शकतो.

भिंतीवरच्या फळ्यावर नेहमीचे चार प्रश्न लिहिले. कोण म्हणालं? कोणाला? केव्हा? का? म्हटलं, पहिल्या तिन्हींचे मार्क गाइड पाठ करूनही मिळतात, खरी परीक्षा 'का'ची. संदर्भासहित स्पष्टीकरण म्हणजे तेच.

आजचं अवतरण पहिल्या अंकातलं. राजा राज्याची वाटणी करायला बसतो आणि भर दरबारात मुलींना विचारतो, माझ्यावर जास्त प्रेम कोणाचं. थोरल्या दोघी तोंडभरून बोलतात. धाकटी सांगते की तिच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. राजा तिला घराबाहेर काढतो. मी तासभर समजावलं: प्रेम वेगळं आणि प्रेमाचं भाषण वेगळं, राजाला भाषण तेवढं कळतं. थीम म्हणून दोनदा अधोरेखित करायला लावलं. फार रंगलं.

मुलं गेल्यावर शुभा चहा घेऊन आली. "छान शिकवलंत हो. आतून ऐकत होते." आणि कप देऊन तशीच उभी.

"काय झालं?"

"काही नाही. चहा प्या."

बायको आज विचित्रच वागतेय.

शनि., १० मे

मुक्ताची ऑर्डर आली. जिल्हा परिषदेची शाळा, दोडामार्ग तालुका. शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं. पोरीने परीक्षांवर परीक्षा देत किती वर्षं वाट बघितली या कागदाची.

मी पेपर वाचत होतो. "बरं," म्हणालो.

मागे कधीतरी ठरलं होतं, तिला नोकरी लागली की मी बरोबर जायचं, खोली बघून द्यायची, थोडे दिवस राहायचं. तिने दारातूनच विचारलं, "बाबा, याल ना सोडायला?"

"माझं काय काम तिथे? तुझं तू बघ."

शुभाने पेढ्यांचा डबा टेबलावर आपटला. मुक्ता काही बोलली नाही. बोलणारच नाही ती. तिला बोलता येत नाही ना!

गुरु., १५ मे

बॅचमध्ये अंकिता म्हणून मुलगी आहे, चिरनेरहून एसटीने येते. आज राजा थोरल्या लेकीकडे राहायला जातो तो प्रसंग. बरोबर शंभर स्वार. लेक म्हणते, माणसं कमी करा. मी लिहून दिलं: कृतघ्नता. अंकिताने पेन खाली ठेवलं.

"सर, शंभर मानसं? त्यांचं जेवन कोन करनार? आमच्याकडं हळदीला शंभर मानसं आली तर आमी बाया दुसऱ्या दिवशी उठत नाय. मी पन बोलले असते, कमी करा म्हनून."

वर्ग खो खो हसला. परीक्षेत असं लिहू नकोस, एवढंच म्हणालो.

संध्याकाळी वडाळे तळ्यावर फेरी मारताना शुभाला हा किस्सा सांगितला. म्हटलं, इतकी वर्षं शिकवलं पण राजाच्या मुदपाकखान्यात कधी डोकावलो नाही. ती चालता चालता थांबली. "तुमच्या साठीशांतीला तरी डोकावलात का? केटररची दोन माणसं आली नव्हती. मुक्ता सकाळपासून आत पुऱ्या लाटत होती. माइकवर नाव पुकारलं तेव्हा तशीच उठून आली. कोपरापर्यंत पीठ होतं तिच्या."

मला दिसलं नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे खरं. पण पहिल्या रांगेत, एवढ्या जवळ बसलो होतो.

बुध., २१ मे

ऑपरेशन सोमवारी. मी हट्टाने वृंदाला फोन केला, तू ये म्हणून, मुक्ताला न विचारता. वृंदाच्या ऑफिसात कसलीशी रिलीज आहे, रजाच मिळेना. बिचारी फोनवर रडली. तिचं खोटं नाही. तिकडून तिने फळांची टोपली पाठवली, आख्ख्या मजल्याला पुरेल एवढी. अंकिताचे शंभर स्वार आठवले. थोरल्या मुलींवर आपण नाटकात जरा अन्यायच करतो.

मुक्ता सगळं ऐकत होती. म्हणाली, "सोमवारी उपाशी जायचंय. नखं कापून ठेवा."

मंगळ., २७ मे

लिहायला मनाई आहे. डाव्या डोळ्याने चार ओळी. ऑपरेशन ठीक. काळा चष्मा मिळाला, त्यात मी जुन्या सिनेमातला स्मगलर दिसतो असं शुभा म्हणते.

थेंब मुक्ता घालते. साबणाने हात धुते, हनुवटी धरते. "वर बघा." थेंब पडतो. "मिटा." एवढाच संवाद, दिवसातून अनेकदा. हात गार असतात तिचे. माझ्या आईचे असायचे तसे.

शुक्र., ३० मे

पडदे ओढून बॅच घेतली. नाटकातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या बापाचा भाग, सरदाराचा. डोळे शाबूत असताना लबाड मुलाच्या नादी लागतो आणि चांगल्याला हाकलतो, डोळे गेल्यावर त्याला सगळं उमगतं. मी म्हणालो, "थीम लिहा: दृष्टी." चौघंही माझ्या काळ्या चष्म्याकडे बघायला लागली. एकाला हसू आवरेना. मग मलाही.

एवढ्यात मुक्ता बाटली घेऊन आली. "वर बघा." वर्गासमोर मी मान वर केली.

जाताना चपला घालत अंकिता म्हणाली, "सर, ताई किती जपते तुमाला."

मुक्ता माझी लाडकी आहे. वृंदाचं कौतुक आहे, अभिमान आहे, पण मुक्ता लाडकी. लिहून ठेवतो, कारण तिला हे शेवटचं कधी सांगितलं ते आठवत नाही. साठीशांतीला मी स्वतः चांगला अर्धा तास बोललो. कॉलेज, सहकारी, वृंदाची नोकरी, जावयांचा स्वभाव. मुक्ताचं नाव घेतलं का? दुपारपासून तेच आठवून पाहतोय. घेतल्याचं आठवत नाही. शुभाला नक्की ठाऊक असेल. विचारायची छाती होत नाही.

मंगळ., ३ जून

मुक्ताला म्हणालो, येतो मी दोडामार्गला. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारा." विचारलं. इतक्यात लांबचा प्रवास नको म्हणाले, धूळ, धक्के. ती विचारत होती तेव्हा मी फुगून बसलो होतो, आता जायचंय तर डोळा आडवा आला.

"पुढच्या महिन्यात या," म्हणाली. मनापासून की बापाचं मन राखायला, कळलं नाही.

रवि., ८ जून

आज शेवटचा अंक. हा मी नेहमी खणखणीत आवाजात शिकवतो, हमखास विचारतात. राजा मेलेल्या धाकटीला हातांवर घेऊन येतो. श्वास चालू आहे का बघायला तिच्या तोंडाशी आरसा धरायला मागतो. आज तिथपर्यंत आलो आणि आतल्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. मुक्ता खोकी बांधत होती. पुढे वाचवेना.

"डोळा दुखतोय, आज इथेच थांबू."

"सर, पन शेवट महत्त्वाचा हाय ना?" अंकिता म्हणाली.

"आहे. घरी वाचा."

मुलं गेली. डोळा काही दुखत नव्हता. चिकटपट्टीचा आवाज ऐकत बसून राहिलो. ठरवलं, स्टेशनवर बोलायचं. जे त्या दिवशी हॉलमध्ये मी बोलायला हवं होतं ते. दोन मिनिटं, कागदाशिवाय.

गुरु., १२ जून

गेली.

सकाळची कोकणातली गाडी. नवीन पनवेलातून रिक्षा केली, खोकी आमच्या मांडीवर. रस्ताभर मनात घोकत होतो. मुक्ता, त्या दिवशी माझं चुकलं. मुक्ता, तू आहेस म्हणून. पुढचंही सगळं व्यवस्थित तयार होतं. आयुष्यभर बोलूनच पोट भरलंय.

ती खिडकीत बसली. शुभाने शिरा-पुरीचा डबा आत दिला, रडून घेतलं, मला पुढे ढकललं. मी खिडकीचा गज धरला. तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाण्याची बाटली भरलीस का?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. "एवढंच होतं बोलायला?"

"हो," म्हणालो.

गाडी हलली. ती हसत होती की नाही, मला दिसलं नाही. चष्मा काळा, आणि आतून पाणी आलेलं. शुभा म्हणते, हसली. पण शुभा मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल.

दुपारचा थेंब माझा मी घातला. तो आधी गालावर, मग कानात, मग कसाबसा डोळ्यात. "वर बघा" म्हणायला शुभा आली होती, तिला नको म्हटलं.

मघापासून त्या एका वाक्यावर बसलोय. कोण म्हणालं, मुक्ता. कोणाला, मला. केव्हा, गाडी हलायच्या आधी. 'का' लिहिता येत नाही. टोमणा असेल. थट्टा असेल. मला सगळं समजलंय असंही सांगत असेल. तिन्ही उत्तरं बसतात आणि एकाचीही खात्री नाही.

गाडी एव्हाना सावंतवाडीला पोचली असेल. फोन समोर आहे. लावला तर काय बोलणार?

जेवलीस का, एवढंच.