भिंतीवरच्या ठोक्यांसह

मी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास मुलाने आधी स्वतःचे तपासून घ्यावे.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलाला. शिलाई मशीन माझ्या हाताखालच्या बाईला, कारण मुलाला सुईत दोरा ओवता येत नाही.

२. आता खरी मालमत्ता. माझ्या दिवंगत धाकट्या भावाने बँड सोडून एकट्याने एकच रेकॉर्ड केली, तिची मूळ टेप. ती माझ्या शिवणाच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाली. तीनशे प्रती काढल्या, अकरा खपल्या, त्यांतल्या चार मीच घेतल्या. बँडमधले तिघे तेव्हा म्हणाले, "अफू खाऊन गायलास काय रे?" तो चहाखेरीज काही पीत नव्हता. आता हेच तिघे मुलाखतींतून त्याच्या नावाने गळा काढतात. त्यांना एकेक प्रत द्यावी. एकाकडेही ती नाही.

३. एका विद्वानाने मासिकात लिहिले की तिसऱ्या गाण्यातली घरघर म्हणजे 'यंत्रयुगाचा सायकेडेलिक हुंकार'. ती माझ्या मशीनची घरघर आहे. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्यायची होती. भाऊ म्हणाला, "ताई, थांबू नकोस. तुझ्याच लयीत गातो." नशेत जग वितळल्यासारखे दिसते, त्याला म्हणे सायकेडेलिक म्हणतात; विद्वानाचा तो शब्द मला नीट उच्चारताही येत नाही. पण ते गाणे लागले की हातातले कापड पाण्यासारखे वाटते आणि मला रडू येते. विद्वानाला काहीही देऊ नये.

४. मुलगा ही रेकॉर्ड 'साफ करून' पुन्हा काढणार आहे. मशीनची घरघर पुसणार, शेवटच्या गाण्यातले भिंतीवरचे चार ठोकेही पुसणार. म्हणतो, "आई, तो नॉइज आहे गं!" गाढवाला गुळाची चव काय! म्हणून टेप व तिचे सर्व हक्क मुलाला नाहीत, शेजारच्या सुताराला आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हाच माणूस भिंत बडवून ओरडत होता, "बंद करा ते रडगाणं!" भावाने तेच ठोके धरून गाणे पुरे केले. मी मात्र चाळीस वर्षे सुताराशी बोलले नाही. गेल्या महिन्यात माझा रेकॉर्ड प्लेयर बिघडला. चौथ्या दिवशी तो दारात उभा. "बाई, बरं नाही का? गाणी ऐकू येत नाहीत." प्लेयरही त्यानेच दुरुस्त केला. त्याला अट एकच: एकही आवाज पुसायचा नाही.

ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: ३ मार्च
(सही) ताई

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, कोपऱ्यावरचा औषधवाला.

सुताराला वाटा असल्याने त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. सह्या होताना मी शेवटचे गाणे लावले होते. भिंतीपलीकडून चारही ठोके जागच्या जागी आले. दोन्ही साक्षीदारांनी ते ऐकले आहेत.