चर्चाकट्ट्यावरची बोंडे

प्रति,
मा. अभ्यासक्रम समन्वयक,
कृषी निविष्ठा विक्रेता पदविका (दूरशिक्षण),
अभ्यास केंद्र, बुलडाणा.

अर्जदार : शेख मोईज शेख शकूर, कृषी सेवा केंद्र, संग्रामपूर.

विषय : ऑनलाइन अभ्यासप्रणालीवरील बंद केलेले खाते पुन्हा उघडून मिळण्याबाबत.

संदर्भ : ‘खात्याचा गैरवापर’ या विषयाचा आपला ई-मेल.

महोदय,

१. अर्जदार वीस वर्षांपासून बियाणे व औषधे विकतो. पदविका नसेल तर परवान्याचे नूतनीकरण नाही असे कळल्यावर तो पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाला. पहिला महिना माउस धरायला शिकण्यातच गेला, त्याबद्दल कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. प्रवेशपत्रात खात्याचे नाव व पासवर्ड होता आणि खाली ‘हे पत्र जपून ठेवावे’ अशी सूचना होती. सरकारी कागद जपायची एकच रीत अर्जदारास ठाऊक आहे. परवाना दर्शनी भागात, भावफलक दर्शनी भागात. नाहीतर तपासणीला आलेले साहेब नोटीस देतात. सबब त्याने ते पत्र काचेच्या फ्रेममध्ये बसवून काउंटरच्या वर, परवान्याशेजारी टांगले. फ्रेम झकास दिसत होती, हेही नमूद करणे भाग आहे.

३. पुढे प्रणालीतल्या चर्चाकट्ट्यावर गृहपाठ आला : ‘गुलाबी बोंडअळीचे नियंत्रण कसे कराल?’ अर्जदारास तो गिऱ्हाइकाचा प्रश्न वाटला. त्याने सवयीने लिहिले, “भाऊ, बोंड आणून दाखवा, मंग सांगतो.” पत्नी सलीमा म्हणाली, “अजी, ये इम्तेहान है, गिऱ्हाईक नै.” पण तोवर उत्तर जाऊन पोहोचले होते.

४. यंदा तालुक्यातली बीटी कपाशी अळीने पोखरली आहे. दुकानात येणाऱ्यांनी फ्रेम वाचली, आपापल्या मोबाइलवर खाते उघडले, अर्जदाराचे उत्तर पाहिले आणि शब्दशः मानले. किडकी, सडकी, अर्धवट उमललेली बोंडे अर्जदाराच्या नावाने कट्ट्यावर चढली. एकाने तर आजारी बैलाचा फोटो टाकून खाली “याचं बी सांगा” असे लिहिले. त्यात आपल्या तज्ज्ञांची टिपणे कुठल्या कुठे दडपली गेली. आपण खाते बंद केले ते रास्तच केले.

५. परीक्षा २० तारखेस आहे. ती हुकली तर परवाना जाईल आणि दुकानाला कुलूप लागेल. तरी खाते उघडून नवा पासवर्ड द्यावा, ही विनंती. नवा पासवर्ड अर्जदार पोटात ठेवील, सलीमालाही सांगणार नाही.

६. त्या बोंडांच्या गर्दीत सिंधूताईंचा प्रश्न आहे. एकट्या बाई, तीन एकर कपाशी. “ठेवू, का उपटून हरभरा पेरू?” एवढेच त्यांनी विचारले आहे. आपले तज्ज्ञ साहेब उत्तर देतील, असे अर्जदार बोलून बसला. आता त्या रोज दुकानाच्या पायरीवर येऊन विचारतात, “मोईजभाऊ, साहेबानं काय सांगतलं?” वीस वर्षे तो बोंड पाहून सांगत आला, यंदा बोंड हातात असूनही सांगता येत नाही, आणि त्याची त्याला फार लाज वाटते. हरभऱ्याची वेळ निघून चालली आहे. अर्जदाराच्या खात्याला उशीर झाला तरी चालेल, सिंधूताईंना आधी उत्तर द्यावे.

आपला पन्नाशीतला विद्यार्थी,
(सही)
शेख मोईज शेख शकूर
संग्रामपूर, दि. १४ नोव्हेंबर २०१७

सोबत : १. ओळखपत्राची छायांकित प्रत.
२. सिंधूताईंचा मोबाइल नंबर. त्या दिवसभर शेतात असतात, फोन उचलेपर्यंत वाजू द्यावा.