वारुळाचा नकाशा

मोहोपाडा
२८ जुलै २०२५, नागचतुर्थी

चि. रूपेशला ताईचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांची या आठवड्यात रात्रपाळी आहे, त्यामुळे दिवसभर घरात कुजबुजत वावरावं लागतं. पाऊस लागूनच आहे. आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं होतं, ते पोचलं असेल तर कोमट करून लाव. बाटली नुसती कपाटात ठेवू नकोस.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "ताय, आयक तर" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

समिधा गेला आठवडाभर शाळेत गेली नाही. ताप नाही, पोटदुखी नाही. दप्तर भरते, दारापर्यंत जाते आणि बूट घालायचे सोडून उंबऱ्यावर बसते. ओढून नेऊन पाहिलं, रागावून पाहिलं. आता तुला रागावते आहे, कारण तो राग तुझ्यावरचाच होता, मी उगाच पोरीवर काढला.

तिचा प्रकल्प तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. चौथीच्या तनयाबाईंनी पोरांना बजावलं होतं, मोबाईलवरचे वाघ-पेंग्विन कापून चिकटवायचे नाहीत. आपल्या ओळखीच्या जागेत कोण कोण राहतं ते महिनाभर बघा आणि त्याचं चित्र काढा. कॉलनीतल्या कुणी गच्चीवरची टाकी घेतली, कुणी गटार घेतलं. माझ्या पोरीने आपल्या माळावरचं वारूळ घेतलं. दर रविवारी एसटीने मी तिला खालापूरला आणत होते. छत्री घेऊन लांबच्या दगडावर ती बसायची आणि तू तिला "शास्त्रज्ञ बाई" म्हणून चिडवायचास. तुझा तेव्हा मला किती अभिमान वाटला होता, ते आता आठवलं तरी अंगाची आग होते.

नकाशा तिने सुंदर काढला. वारूळ बांधते वाळवी आणि राहतात दुसरेच, हे तिला फार आवडलं होतं. पायथ्याशी सरडा, मागच्या बाजूला विंचू, बांधापलीकडे मुंगूस. मधल्या मोठ्या भोकाशी लाल ठिपका आणि खाली अक्षर, "इथे नागोबा राहतो. ऊन पडलं की बाहेर बसतो." तू त्या नकाशाचा फोटो काढून स्टेटसला लावलास, "भाची आमची." तो त्या बंगलावाल्या साहेबांनी पाहिला. माळ घ्यायला निघालेला माणूस साप पाहून बिचकला, एवढं मला आईने सांगितलं.

इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं. जमीन तुझ्या नावावर आहे. हिस्सा मी मागितला नाही, मागणारही नाही. तुला माळ विकायचा तर विक. सापाची भीती होती तर खोपोलीत साप पकडणारी पोरं आहेत. एका फोनवर येतात आणि रानात नेऊन सोडतात. तुला तेवढाही धीर नव्हता.

तू फोन केलास, पण माझ्या पोरीला. मी शेजारीच कणीक मळत होते, फोन स्पीकरवर होता. "बाय माजी, नागोबा नक्की कुठल्या भोकात असतो गं? मामाला पूजा करायची हाय." तिने तुला भोक सांगितलं. पाऊस असला की तो आतच असतो, हेही सांगितलं. वर म्हणाली, "मामा, जवळ जाऊ नकोस हां, लांबूनच दूध ठेव, तरी तो पीत नाही, बाई म्हणाल्यात." तुझी काळजी केली तिने. मी कणीक मळता मळता हसत होते.

मग गजाचा जेसीबी आला. गजा परवा मला नाक्यावर भेटला. मान खाली घालून म्हणाला, "ताय, मी नाय म्हनत होतो. रूपेश बोलला, आदी ह्या भोकावर घाल, मंग बाकीचा." म्हणजे पोरीने दाखवलेल्या जागेवर पहिला घाव. आणि नंतर तुझा जीव घाबरला. मेलेल्या नागाच्या तोंडात तांब्याचा पैसा ठेवलास, ओली लाकडं रचून त्यावर डिझेल ओतलंस आणि अग्नी दिलास. नागाचं पाप लागू नये म्हणून तुला सगळे विधी आठवले. भाचीशी खोटं बोललास त्याला कुठला विधी आहे, तो मला कळव.

आणि यातलं काही आम्हाला सांगितलं नाहीस. सगळा वर्ग बस करून तिचं वारूळ बघायला येणार हे तुला ठाऊक होतं, तरी गप्प राहिलास. पोरं उतरली तर समोर सपाट लाल मुरूम. तू बिस्किटांचे पुडे वाटत होतास. समिधाने कडेची काळी राख पाहिली आणि तुला विचारलं, "मामा, पूजा इथे केलीस का?"

तू हो म्हणालास. रूपेश, तू हो म्हणालास.

बस बघायला आलेल्या गजाच्या पोराने तिथेच सगळं सांगून टाकलं. मग बसमध्ये तिच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, समिधाने नकाशा काढला म्हणून नाग मेला. लहान आहे, त्याला काय बोल लावायचा. पण तिला ते पटलं. घरी येऊन तिने तो लाल ठिपका खोडरबराने घासला, इतका घासला की कागदाला भोक पडलं. काल मला म्हणाली, "आई, मी बघितलंच नसतं तर तो राहिला असता ना?" मला तुझी लाज वाटते.

उद्या पंचमी. उद्या तू घरात विळी चालू देणार नाहीस, तवा ठेवू देणार नाहीस, जमिनीला कुदळ लावू देणार नाहीस. आईला पाटावर चंदनाचा नाग काढायला सांगशील, कारण पुजायला वारूळच उरलेलं नाही. मी दिंडं खायला येणार नाही. आईला खरं कारण तूच सांग.

शनिवारी सकाळी शाळेत ये. तनयाबाईंशी मी बोलले आहे. वर्गात सगळ्या पोरांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, नाग मी मारला, समिधाला खोटं बोलून जागा विचारली, तिची चूक नाही. एवढंच. साहेबांचं कारण नको, बिस्किटं नकोत. समिधाला मी यातलं काही बोललेले नाही, कारण तू आला नाहीस तर ती दुसऱ्यांदा फसेल.

आज भावाचा उपवास. सकाळपासून मी नुसत्या चहावर आहे. एक वर्षही चुकवला नाही, आजही नाही. आईने शिकवलं होतं, नाग हा आपला भाऊच, तेव्हा हा उपवास दोन्ही भावांसाठी धरायचा. या वर्षी एकासाठीच धरला आहे. जो वारुळात होता त्याच्यासाठी.

तुझ्यासाठी पुन्हा धरायचा की नाही, ते शनिवारी बघू.

समिधाची आई,
रुचिता