बिनफितीचा चिमटा

प्रिय भिंगरी,

चार वर्षांत एक ओळ न लिहिणारा माणूस सुरुवात कुठून करणार? वाऱ्यापासून करतो. परवापासून असा सुटलाय की हँगरच्या पत्र्यांना उसंत नाही. तुझं ते दोन सीटचं विमान अजून बाहेरच उभं असतं. नाक वाऱ्याकडे, तीन दोर जमिनीतल्या कड्यांना, आतला विमान चालवायचा दांडा सीटच्या पट्ट्याने आवळलेला, आणि पंखांच्या-शेपटीच्या हलत्या पट्ट्यांना माझे लाकडी चिमटे. नाहीतर वारा त्या पट्ट्या आपटून आपटून बिजागऱ्या ढिल्या करतो. हे तुला सहाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारावर शिकवलं होतं. मग तू घरातल्या सगळ्या दारांना पाचर मारून ठेवलीस आणि आईची बोलणी मी खाल्ली.

नवे सर्टिफिकेटवाले मेकॅनिक प्लास्टिकचे चिमटे विकत आणतात. आणोत बापडे. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण माझ्या चिमट्याने आजवर रंगावर ओरखडा उठलेला नाही. आतून नमद्याचं मऊ अस्तर, बाहेर हातभर लाल फीत; उडण्याआधी काढायचा राहिला तर लांबून दिसावा म्हणून.

आई बरी आहे. तुझा फोन आला की ती आतल्या खोलीत जाते आणि मी अंगणात सायकल पुसतो. गेल्या रविवारी तीनदा पुसली. "दोघंही एकाच लाकडाचे," एवढं बोलून ती दिवा लावायला उठली.

फ्लाइंग क्लबच्या साहेबांनी चिमट्यांचे नियम भिंतीवर लिहून द्यायला सांगितलं. दोन झरझर लिहिले. तिसरा, 'फीत नसलेला चिमटा लावू नये,' लिहिला आणि खडू हातातच राहिला.

चार वर्षांपूर्वी त्या सकाळी तू विमानाभोवती फेरी मारलीस, सगळे चिमटे काढून मोजून पेटीत ठेवलेस आणि सही करायला ऑफिसात गेलीस. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. शेपटीची आडवी पट्टी आपटली. माझ्या हातात नवा चिमटा होता, फीत अजून ठोकायची होती. सवयीने लावला. तेवढ्यात कुणीतरी पंपाकडे हाक मारली आणि मी तसाच गेलो. धावपट्टीच्या तोंडाशी तुला दांडा मागे येईना, म्हणून तू इंजिन बंद केलंस आणि वाचलीस. शेपटीवर चिमटा सापडला, तसं साहेबांनी सगळ्यांसमोर तुझं उड्डाण थांबवलं आणि तुझ्या नावापुढे निष्काळजीपणाची नोंद केली. तू म्हणालीस, मी फेरी नीट मारली होती. त्यावर मी, तुझा बाप, म्हणालो, "लाकडाला पाय फुटत नाहीत."

खरं सांगतो, तेव्हा मला आठवलं नव्हतं. संध्याकाळी शर्टाच्या खिशात फीत सापडली. तुझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. सगळी रात्र हातात होती, पण जीभ उचलली नाही. ज्याच्या हातून चूक होत नाही, असा माणूस मला जपायचा होता.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तुझ्या नावापुढची नोंद माझ्यादेखत खोडली आणि नियमाखाली कारण लिहायला लावलं. मी माझं नाव लिहिलं, ठळक, वाचता येईल असं. तुला कळवायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. फीत सोबत आहे. चिमटा इथे खिळ्याला टांगलाय, तसाच बोडका. माझ्या हाताने ती ठोकवत नाही. कधी या बाजूला आलीस तर तू ठोक.

वाऱ्याकडे तोंड करून उभा,
तुझाच
बाबा