मागे गेलेला आवाज

वयाने, मानाने आणि गाडीच्या सीसीने मोठे असलेले साडूभाऊ यांस,

हेल्मेट काढून, कंबर साथ देईल तितका वाकून नमस्कार. आपली तब्येत, ताईंचा गुडघा आणि आपल्या मोटरसायकलची चेन, तिन्ही ठणठणीत असतील (निदान पहिली दोन तरी असावीत). इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे गेल्या रविवारपासून इतके मजेत आहोत, की दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवताना मला हसू फुटतं आणि चष्मा कपाळावर जातो.

तर झालं असं. सुट्टीत तुमच्याकडे आमच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवरून यायचं मी पक्कं केलं, आणि हिने तितक्याच पक्केपणाने जाहीर केलं की ती बसने येणार. का, तर मागे बसून दिवसभर माझी पाठ दिसते, वारा ऐकू येतो, आणि मी एक अक्षर बोलत नाही. (मी बोलतो हो! दुकानात दिवसभर 'आता स्पष्ट दिसतंय का?' एवढंच मवाळपणे विचारणारा हा माणूस हेल्मेटात शिरला की असं काही तोंड सोडतो, की विचारू नका. पण ते सगळं वाऱ्यावर जातं.) गाडीवरचे जुने स्पीकर तर वेग वाढला की नुसते खाकरायचे. आता मागची सीट रिकामी ठेवून इतक्या लांब यायचं, तर ती सहल कसली? हिच्याशिवाय मला करमत नाही, साडूभाऊ. हे मी तुम्हाला बिनधास्त लिहितो, हिला सांगायची वेळ आली की मात्र चष्म्याच्या काचा पुसायला लागतो.

म्हणून गाडी घेऊन बॅटरीवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये वायरींच्या गुंत्यात घरटं करून बसलेला असतो आणि कुठलंही काम सांगा, आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत 'होऊन जाईल' म्हणतो. नवे स्पीकर पुढे काचेखाली, तसेच मागे सामानाच्या पेट्यांवर, त्यांना जोर द्यायला ॲम्प्लिफायर, दोन्ही हेल्मेटांत गाणी आणि माझ्या तोंडापुढे माइक, असा थाट ठरला. मी त्याला बजावून सांगितलं, माझा आवाज मागे गेला पाहिजे. मागे म्हणजे माझ्या मते हिच्या कानात. मागे म्हणजे त्याच्या मते मागच्या स्पीकरांत. आणि होऊन गेलं.

रविवारी ही एका अटीवर बसली. एक फेरी मारायची, पटलं तर मोटरसायकल, नाही तर बस. मी चावी फिरवली आणि माझ्या कानात अशी काही गाणी घुमायला लागली की जगाशी संबंध तुटला. मग काय, माझं नेहमीचं स्वगत सुरू! पुढे बँकेचे मॅनेजर स्कूटरवर दिसले. (हे दर आठवड्याला दुकानात येऊन तासभर आरशात स्वतःचं नाक न्याहाळतात आणि काहीही न घेता जातात.) त्यांच्या नाकावर मी सविस्तर बोललो. चौकातल्या पोलिसाच्या पोटावर बोललो. त्याने पोट आत घेतलं आणि आम्हाला वाट करून दिली. मला वाटलं, गाडीचा रुबाब. लोक वळून बघत होते. मला वाटलं, नव्या स्पीकरांचं कौतुक. ही पाठीवर धपाधप मारत होती. मला वाटलं, ताल धरलाय.

मोठ्या सिग्नलला थांबलो. इथे मी, आपण एकटेच आहोत अशा समजुतीने, तालीम सुरू केली. म्हटलं, हिला सांगावं तरी कसं, की बाई गं, तू बसने गेलीस तर मी कुणासाठी चालवू? वाटेत चहाला थांबलो तर समोरच्या खुर्चीवर कोण, हेल्मेट? मला ते दुसरं वाक्य बरं वाटलं, म्हणून जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं. सिग्नल हिरवा झाला. कुणी हॉर्न दिला नाही. शेजारच्या बसमधून टाळ्या पडल्या. मी मागे वळलो, तर हिच्या हेल्मेटाची काच आतून धुरकटलेली. तेवढ्यात गाणं संपलं आणि त्या शांततेत, 'काय झालं?' हा माझाच प्रश्न मागच्या स्पीकरांतून चौकभर घुमला.

मी माइक हनुवटीखाली वळवला आणि गाडी तडक घरी आणली. आता बस नक्की, असं धरून मी मुकाट्याने हिची बॅग काढायला गेलो, तर ही म्हणाली, बॅग नको, गाडीच्या पेटीत मावेल तेवढंच घेते. फक्त वायरींना हात लावायचा नाही. तेव्हापासून रोज फेरी मारतो. सगळं गाव ऐकतंय म्हटल्यावर मी रस्त्याने आता फक्त चांगलंच बोलतो. हिच्याबद्दल तर इतकं, की माझं मलाच नवल वाटतं. (लोक हल्ली वळून बघत नाहीत. सवय झाली असावी.) मॅनेजरांनी दोन चष्मे घेतले.

ताईंना नमस्कार. शनिवारी संध्याकाळी पोचतोच.

आपला,
साडू

ता. क. चाचणीच्या फेरीत आपल्या मोटरसायकलविषयी 'पत्र्याचा डबा' असे दोन शब्द माझ्याकडून गेले. ते हिच्याकडून ताईंपर्यंत पोचले असतील म्हणूनच खरं तर हे पत्र. शब्द प्रेमाचे होते. गेटला आतून कडी घालू नये, ही विनंती.

ता. क. (माझा. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय.) भाऊजी, बॅटरीवाल्याकडून ती वायर मी दुसऱ्याच दिवशी, हे दुकानात असताना, नीट करून घेतली. आता यांचा आवाज फक्त माझ्या कानात येतो, यांना अजून पत्ता नाही. शनिवारी गेटवर उभे राहा आणि कोपऱ्यापासून सगळं ऐकू आलं असंच म्हणा. एवढं कराच.